महिना दहा डॉलरचं दुकान घ्यावं का?

परळच्या एका ताईंचं पत्र आहे. खणाची तोरणं, बाप्पासाठी आसनं, छोटे शेले असं त्या घरी शिवतात आणि एट्सी या हस्तकलेच्या ऑनलाइन बाजारात परदेशातल्या मराठी गिऱ्हाइकांना विकतात. २०२५मध्ये ऑर्डर घसरल्या. बचत गटातल्या मैत्रिणीने सांगितलं, "तुझं दुकान साधं दिसतं, पैसे भरून प्लस घे. आणि जमलं तर अमेरिकेच्या अमेझॉनवर प्रोफेशनल खातं उघड." प्लस म्हणजे एट्सीवरच्या दुकानासाठी दरमहा पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व. ताई विचारतात, दोन्ही घ्यावं, एकच घ्यावं, की काहीच नको?

ताई, आधी एक कौतुक. तुम्ही दोन वर्षांचा हिशोब ऑर्डरनिहाय लिहून पाठवलात, बिलांच्या फोटोंसकट. माझ्यासमोर बसणारे निम्मे लोक "साधारण इतके सुटतात" म्हणत हवेतून आकडा काढतात आणि मग सल्लाही हवेतच द्यावा लागतो. तुमच्या वहीमुळे मला अंदाज बांधावे लागले नाहीत. किंबहुना उत्तर तुमच्या वहीतच होतं.

तुमच्या वहीप्रमाणे पोस्टेजसह सरासरी ऑर्डर ३४ डॉलरची. एट्सी दर लिस्टिंगला, म्हणजे विक्रीला मांडलेल्या दर वस्तूच्या नोंदीला, २० सेंट घेते, ती लिस्टिंग चार महिने चालते. विक्री झाली की पोस्टेज धरून एकूण रकमेवर साडेसहा टक्के. पेमेंटचं शुल्क आणि या सगळ्यावरचा जीएसटी वजा होऊन तुमच्या खात्यात ऑर्डरमागे सरासरी २,६०० रुपये आले. खण, अस्तर, भुलेश्वरचे लटकन आणि घुंगरू मिळून ६४०, खोका आणि पॅकिंग ८०, पार्सल ८००. हातात राहिले १,०८०. एका ऑर्डरला चार तास लागतात असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे तासाला २७० रुपये पडतात. घरातलं सगळं आवरून, दुपारच्या वेळात, मशीनवर बसून. हा आकडा वाईट नाही. तो टिकवायचा आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

प्लसचे महिन्याला १० डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर ९०० आणि १८ टक्के जीएसटी धरून १,०६२. त्यात मिळतं काय? १५ लिस्टिंग फुकट, जाहिरातीसाठी ५ डॉलर, दुकानाच्या पानावर मोठे बॅनर आणि सजावट, आणि संपलेला माल पुन्हा आला की गिऱ्हाइकाला मेल. कागदावर बघितलं तर ३ डॉलरची लिस्टिंग आणि ५ डॉलरची जाहिरात, म्हणजे १० देऊन ८ परत. असं बघितलं की कुणालाही वाटेल, दोन डॉलरचा तर प्रश्न आहे.

पण तुमच्या एकूण लिस्टिंग २२. दर चार महिन्यांनी नूतनीकरण, म्हणजे महिन्याला पाच-सहा. विकलेल्या वस्तूचं पुन्हा लिस्टिंग होतं ते आणखी तीन-चार. अगदी ओढूनताणून नऊ धरूया. जीएसटीसह खरी बचत झाली १९० रुपये. उरलेली सहा तुमच्या उपयोगाची नाहीत आणि पुढच्या महिन्यात ढकलताही येत नाहीत. जाहिरातीवर तुम्ही आजवर एक पैसा खर्च केलेला नाही. जो खर्च आपण करतच नव्हतो त्यावर मिळालेली सूट म्हणजे बचत नव्हे. माल संपल्याचा मेल तर तुम्हाला लागूच नाही, कारण तुम्ही ऑर्डर आली की शिवता. तुमच्याकडे माल संपणार कसा?

तेव्हा प्लसचा निव्वळ खर्च महिन्याला ८७२, वर्षाला साधारण १०,४६०. तो भरून काढायला आणखी दहा ऑर्डर हव्यात. भरून काढायला म्हणतोय, कमवायला नाही. त्या दहा ऑर्डर म्हणजे ४० तासांचं फुकट शिवणकाम. आणि त्या आल्याच नाहीत तर २०२५च्या ४४ ऑर्डरवर तुमचा तासाचा दर २७० वरून २१० वर येतो.

अमेझॉनचं फार बोलत नाही. अमेरिकेत तिथे दोन प्रकारची खाती आहेत. साध्या खात्यात महिन्याचं भाडं नाही, विकलेल्या प्रत्येक नगामागे ९९ सेंट. प्रोफेशनल खात्याला महिन्याला ३९.९९ डॉलर. शिवाय बहुतेक प्रकारच्या मालावर १५ टक्के कमिशन दोन्हीकडे वेगळं. महिन्याला ४० नग विकलेत तर दोन्ही खाती सारखी पडतात, त्याच्या वर प्रोफेशनल स्वस्त. तुमच्या ऑर्डर वर्षाला ४४. दोन्ही सदस्यत्वं घेतलीत आणि जीएसटी धरला तर वर्षाला ६३,७०० रुपये जातील. २०२५मध्ये तुमच्या हातात राहिले ४७,५२०. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आता मुद्द्याचं. मैत्रीण म्हणते दुकान साधं दिसतं म्हणून ऑर्डर घसरल्या. तुमची वही तसं म्हणत नाही. २०२४मध्ये ६१ ऑर्डर होत्या, त्यातल्या ३८ ऑगस्ट ते नोव्हेंबरमधल्या. २०२५मध्ये ४४, आणि त्या चार महिन्यांत फक्त १९. बाकीचे आठ महिने बघा: २०२४मध्ये २३ ऑर्डर, २०२५मध्ये २५. म्हणजे एरवी तुमचं तेच "साधं" दुकान आधीपेक्षा बरं चाललं. पडलं ते फक्त गणपती ते दिवाळी या हंगामात, आणि ३८ ऑर्डर निम्म्यावर येणं हे बॅनरचं काम नाही.

त्या हंगामात काय झालं होतं, आठवा. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना दिलेली आयात शुल्काची माफी २९ ऑगस्टपासून काढून घेतली. त्याच सुमारास आपल्या टपाल खात्याने तिकडची पार्सलं घेणं थांबवलं, ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केलं. दिवाळी तेव्हा आठवड्याच्या आत आली होती. सुरू झालं तेही शुल्क बुकिंगच्या वेळीच भरून घेण्याच्या अटीवर, आणि तेव्हा भारतीय मालावर दर ५० टक्के होता. तुम्ही ते शुल्क गिऱ्हाइकाकडून घेतलंत, योग्यच केलंत. पण मग २५ डॉलरचं तोरण, पोस्टेज आणि शुल्क मिळून, न्यू जर्सीतल्या वहिनींना ४६-४७ डॉलरला पडलं. पान कितीही सजवलं तरी ते ४७चंच राहतं.

तुमच्या यादीत चारपैकी तीन पत्ते अमेरिकेचे आहेत, म्हणून हा फटका इतका लागला. मी तुमच्या जागी असतो तर खर्च वाढवण्याआधी हे प्रमाण बदलायला बघितलं असतं. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर सीमाशुल्क नाही, व्हॅट एट्सीच गिऱ्हाइकाकडून घेऊन भरते. लंडनच्या तुमच्या तीन गिऱ्हाइकांनी दुसऱ्यांदा ऑर्डर दिलीय, हे वहीत दिसतंय. त्या तिघींना एक निरोप पाठवायला काही लागत नाही.

दुसरं म्हणजे संच. ऑर्डरमागे पार्सलचे ८०० रुपये हा तुमचा सर्वांत मोठा खर्च आहे, कापडापेक्षाही मोठा. तोरण एकटं पाठवण्याऐवजी तोरण, आसन आणि शेला एका खोक्यात गेले तर वजन थोडं वाढेल, पण तीन पार्सलांचा खर्च एकाच पार्सलात निघेल. २०२४च्या गणपतीत अशा संचाच्या चार ऑर्डर तुम्हाला आपणहून आल्या होत्या. गिऱ्हाइकांनीच वेगवेगळ्या वस्तू टोपलीत टाकल्या. त्याची स्वतंत्र लिस्टिंग मात्र तुम्ही आजतागायत केलेली नाही. त्याला २० सेंट पडतात. दहा डॉलरचा विचार करण्याआधी हे २० सेंट खर्च करा.

आणखी एक गोष्ट, तुम्ही विचारली नाहीत तरी सांगतो. तुमच्या नोव्हेंबरच्या बिलात "ऑफसाइट ॲड्स" म्हणून ओळ आहे. एट्सी तुमच्या वस्तूंची जाहिरात बाहेर करते आणि त्यातून ऑर्डर आली तर तिच्यावर १५ टक्के कापते. वर्षाला १०,००० डॉलरपेक्षा कमी विक्री असलेल्या दुकानदाराला हे बंद करता येतं, आपण बंद केलं नाही तर चालूच राहतं. ३४ डॉलरच्या ऑर्डरवर ५ डॉलर १० सेंट, म्हणजे ४५० रुपयांच्या वर. एकच ऑर्डर तशी आलीय, त्यामुळे घाबरू नका. पण ते चालू ठेवायचं की नाही हे तुम्ही ठरवा, आपोआप ठरू देऊ नका.

तुम्ही लिहिलंय, "दहा डॉलर तर एट्सीच कापून घेईल, माझ्या खिशातून काही जाणार नाही." ताई, भीती त्याचीच वाटते. विक्रीच्या पैशातून कापलं गेलं की ते गेल्याचं कळतच नाही. मी स्वतः एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं सदस्यत्व चौदा महिने भरत होतो, एकदाही न उघडता. लोकांना खर्च लिहून ठेवा म्हणून सांगणारा माणूस! बायकोने कार्डाचं स्टेटमेंट वाचलं म्हणून सुटलो. त्या कंपनीचा दोष नाही, दरमहा त्यांचा मेल येत होता.

तर माझं उत्तर: अमेझॉन नको, प्लस आत्ता नको. प्लस कायमच नको असं म्हणत नाही. ते महिन्या-महिन्याने घेता येतं आणि तुमचा धंदा हंगामी आहे, त्यामुळे घ्यायचंच झालं तर जुलै ते ऑक्टोबर एवढे चार महिने. खर्च ४,२४८. हंगामाआधी तुम्ही नव्या लिस्टिंग टाकता, संच टाकाल, रंग वाढवाल, तेव्हा १५ लिस्टिंग खरोखर वापरल्या जातील. जाहिरातीचे ५ डॉलरही त्याच महिन्यांत कामाला येतील, कारण तोरण शोधणारी माणसं तेव्हाच असतात. मे महिन्यात खणाचं तोरण कोण शोधतंय?

त्याआधी दोन गोष्टी झालेल्या हव्यात. पहिली, अमेरिकेला पार्सल पाठवताना नक्की किती शुल्क भरावं लागतंय ते जूनमध्ये पोस्टात जाऊन विचारा. हे दर अधूनमधून बदलतात, ऑक्टोबरच्या आकड्यावर आज भाव ठरवू नका. शुल्क तेव्हाइतकंच असेल तर प्लसचा विषय यंदापुरता बंद. दुसरी, पैसे घरखर्चाच्या खात्यातून नकोत. लेकीच्या बारावीच्या क्लासची फी आणि लटकनचे पैसे एकाच खात्यातून जातात असं पासबुकावरून दिसतं. धंद्यासाठी वेगळं बचत खातं उघडा आणि प्रत्येक ऑर्डरचे २०० रुपये त्यात बाजूला ठेवत जा. २२ ऑर्डरनंतर प्लसचं चार महिन्यांचं भाडं निघतं आणि घरात कुणाला उत्तर द्यावं लागत नाही.

यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत. संचाची लिस्टिंग याच आठवड्यात करा, फोटो सकाळच्या उन्हात गॅलरीत काढा. ट्यूबलाइटखाली खणाचा काठ जांभळ्याचा काळा दिसतो, तुमच्या तीन फोटोंत तसं झालंय. जूनअखेर वहीचं पान आणि पोस्टातला शुल्काचा आकडा मला पाठवा, तेव्हा प्लसचं पुन्हा बघू.