शेवटच्या पानावरचा बारीक मजकूर

वाचकांचे प्रश्न : घरावरचं सोलर आणि त्याचा खर्च

गेल्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले की सोलर बसवणाऱ्यांच्या ऑफिसात बसून मी वीस वर्षं कोटेशनं तयार केली. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलंय. सगळी पत्रं छापता येत नाहीत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत.

प्रश्न : ३ किलोवॉटची तीन कोटेशनं हातात आहेत. सगळ्यांत स्वस्त १०० धरलं तर दुसरं ११४ आणि तिसरं १३८. पॅनेल तिन्हींत जवळपास सारखीच. मग एवढा फरक कशाचा? आयुष्यभर गणित शिकवलं, पण हे कोडं सुटत नाही. (एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर : बाई, तुम्ही आकडे १००वर आणून पाठवलेत, निम्मं काम तिथेच झालं. बाकीचे सगळे पहिल्या पानावरच्या ठळक आकड्याचा फोटो पाठवतात.

मी कोटेशन हातात घेतलं की आधी शेवटचं पान उलटते, कारण तिथला बारीक मजकूर मीच लिहायचे. तुमच्या स्वस्त कोटेशनमध्ये तळाला तीन ओळी आहेत : ‘अर्थिंग व लाइटनिंग अरेस्टर (आकाशातली वीज पडली तर बचाव करणारं साधन) ग्राहकाकडे’, ‘केबल १५ मीटरपर्यंत, त्यापुढे प्रत्यक्ष मापाप्रमाणे’, ‘मीटर व मंजुरीचे शुल्क प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे’. तुमचं घर तीन मजली. छतावरून तळमजल्यावरच्या मीटरपर्यंत वळणं-वळसे धरून १५ मीटरात केबल येणं अवघड आहे. या तीन ओळींचे पैसे त्याच माणसाकडून लिहून घ्या आणि मग १०० चे किती होतात ते मला कळवा. मधल्या कोटेशनच्या पुढे गेले तर मला नवल वाटणार नाही. मधल्यात हे सगळं धरलेलं आहे.

पॅनेलकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण बऱ्याच घरगुती कामांत पॅनेलची किंमत एकूण खर्चाच्या निम्म्याहूनही कमी असते. बाकीचा पैसा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करून देणारी पेटी), पॅनेल ज्यावर बसतात ते लोखंडी स्ट्रक्चर, केबल, सुरक्षेचे बॉक्स, अर्थिंग, मजुरी आणि कागदपत्रं यांत जातो. काटकसरही तिथेच होते, कारण ती दिसत नाही. तुमच्या स्वस्त कोटेशनमध्ये स्ट्रक्चरपुढे नुसतं ‘एमएस, रंगवलेले’ असं लिहिलंय. साधं लोखंड आणि वरून रंग. पंचवीस वर्षं उघड्यावर राहणाऱ्या वस्तूला हा रंग पुरत नाही. मधल्यात ‘हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड’ आहे, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं. त्यातही एक गोष्ट बघा : साइटवर ड्रिलने नवं भोक पाडलं की तिथलं जस्त निघून जातं आणि गंज बरोबर त्या भोकाच्या कडेने सुरू होतो. काम चालू असताना वर जाऊन उभ्या राहा. भोक पाडलंच तर त्यावर लगेच जस्ताच्या रंगाचा हात मारायला सांगा.

तिसरं कोटेशन १३८ का, तेही सांगते. त्यात प्रत्येक पॅनेलखाली वेगळा छोटा इन्व्हर्टर आहे, त्याला मायक्रोइन्व्हर्टर म्हणतात. छतावर सावली येत-जात असेल तर त्याचा उपयोग होतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत छत चारी बाजूंनी मोकळं दिसतंय. सावलीच नसेल तर सावलीवरच्या औषधाचे पैसे का द्यायचे?

आता तुमच्या आवडीचं गणित. ऊन बेताचं असलेल्या प्रदेशात १ किलोवॉट दिवसाला सरासरी अडीच-तीन युनिट देतो, भरपूर ऊन असेल तर चार-साडेचार. मधला साडेतीन धरू. ३ किलोवॉटचे वर्षाला साधारण ३,८०० युनिट झाले. पॅनेल दर वर्षी अर्धा टक्का म्हातारं होतं असं धरलं तर २५ वर्षांत सुमारे ८९ हजार युनिट. कोटेशनची संपूर्ण रक्कम घ्या, त्यात एक नवा इन्व्हर्टर मिळवा (तो १० ते १५ वर्षांत बदलावा लागतो, हे कोणी आपणहून सांगत नाही) आणि बेरजेला ८९ हजारांनी भागा. हा तुमच्या छतावरच्या एका युनिटचा भाव. तो बिलातल्या युनिटच्या भावाशेजारी लिहून बघा.

आणि हो, वॉरंट्या दोन असतात. ‘२५ वर्षं’ असं मोठ्या अक्षरात लिहितात ती बहुधा वीजनिर्मितीची, म्हणजे २५ वर्षांनी पॅनेल मूळ क्षमतेच्या अमुक टक्के वीज देईल याची. काच तडकली, जोड सुटला, तर लागते ती वस्तूची वॉरंटी, आणि ती कित्येकदा बरीच कमी वर्षांची असते. दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून मागा.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, चार वर्षांत पैसे वसूल. आम्ही दोघंही नोकरीला, मुलं शाळेत. हा हिशेब आम्हाला लागू होतो का? (एक नोकरदार जोडपं)

उत्तर : तो खोटं बोलत नसेल. त्याने फक्त तुम्ही दिवसभर कुठे असता ते विचारलेलं नाही.

पॅनेल वीज करतं दुपारी आणि तुमचं घर जागं होतं संध्याकाळी. समजा ३,८०० युनिटपैकी १,३०० युनिट घरातच वापरले गेले आणि २,५०० मीटरमधून बाहेर गेले. बाहेर गेलेल्या युनिटच्या बदल्यात संध्याकाळी तेवढेच युनिट परत मिळत असतील, म्हणजे खरंखुरं नेट मीटरिंग असेल, तर सगळेच्या सगळे ३,८०० वाचले. पण सगळीकडे नियम सारखा नाही. बाहेर गेलेल्या युनिटला विकत घेतलेल्याच्या एक तृतीयांशच भाव मिळत असेल, तर ते २,५०० युनिट सुमारे ८३३ युनिटच्या मोलाचे होतात. एकूण बचत २,१३३ युनिटची. त्याच खर्चाचे चार वर्षांचे इथे सात होतात. पॅनेल तेच, ऊनही तेच.

म्हणून सही करण्याआधी वीज कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्या : बाहेर गेलेल्या युनिटला काय भाव, वर्षअखेर शिल्लक युनिटचं काय होतं, आणि स्थिर आकार किती राहतो. हा स्थिर आकार सोलरने जात नाही. ‘बिल शून्य’ म्हणणाऱ्यांना तो नेमका आठवत नाही.

तुमच्यासारख्या घराला मी ३ ऐवजी २ किलोवॉटने सुरुवात करायला सांगेन. इन्व्हर्टर मात्र पुढे पॅनेल वाढवता येतील असा घ्या. वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, गीझर टायमर लावून दुपारी चालवा. घरातच खपलेला युनिट पूर्ण भावाचा असतो.

प्रश्न : सांगितली होती त्यापेक्षा वीज कमी येते. उन्हाळ्यात तर जास्त यायला हवी ना? आणि थंडीत दुपारनंतर मोबाइलवरचा विजेचा आलेख एकदम पडतो. (एक दुकानदार)

उत्तर : उन्हाळ्याचं आधी. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. पाठीवरच्या लेबलावरचे वॉट प्रयोगशाळेत मोजतात : चौरस मीटरला १,००० वॉट प्रकाश आणि सेलचं, म्हणजे पॅनेलमधल्या वीज करणाऱ्या छोट्या चौकोनांचं, तापमान २५ अंश. भर उन्हात सेल सहज ६० अंशांना जाते. दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरली तर ३५ अंशांचे १२ टक्के गेले. हा बिघाड नाही. फक्त पॅनेल छताला चिकटवून बसवलेलं नाही ना, ते बघा. खालून वारा खेळला पाहिजे.

थंडीतल्या दुपारचं उत्तर माझ्याच छतावर आहे, आणि ते सांगायला लाज वाटते. दुसऱ्यांची छतं तपासणारी मी, स्वतःच्या छताची पाहणी केली ऐन उन्हाळ्यात. टाकीची सावली टाकीच्याच पायाशी गोळा झालेली. दोन पॅनेल तिच्या शेजारी बसवली. थंडी आली आणि मोबाइलवरच्या आलेखाला रोज तीनच्या सुमारास कोणीतरी चावा घेतल्यासारखी खाच दिसायला लागली. एके दिवशी खडू घेऊन वर गेले. टाकी दीड मीटर उंच. सूर्य ६० अंशांवर असताना तिची सावली एक मीटरही भरत नाही, ३० अंशांवर उतरला की तीच २.६ मीटर होते. खडूची रेघ बरोबर दुसऱ्या पॅनेलच्या मध्यावर आली.

सावली जेवढ्या भागावर, नुकसानही तेवढ्याच भागाचं, असा माझाही समज होता, निदान आशा तरी. पण एका स्ट्रिंगमधली पॅनेल एकामागे एक जोडलेली असतात, सगळ्यांतून करंट तोच वाहतो. सावलीतल्या सेल वाट अडवतात. त्यासाठी प्रत्येक पॅनेलमध्ये बायपास डायोड असतात, बहुधा तीन. ते अडलेला भाग वगळून करंट पुढे नेतात. त्यामुळे कोपऱ्यावर हातभर सावली आली तरी पॅनेलचा तिसरा हिस्सा गप्प होऊ शकतो. शेवटी ती दोन पॅनेल मी पलीकडे हलवून घेतली. मजुरी, जास्तीची केबल आणि जुनी भोकं बुजवणं, सगळा भुर्दंड माझा. फिटरने काही विचारलं नाही, पण हसू त्याला दाबता आलं नाही.

तुम्हीही थंडीत दुपारी तीनला खडू घेऊन वर जा.

प्रश्न : रात्री वीज गेली की चालावं म्हणून सोलर घेतलं. आता भर दुपारी, लख्ख उन्हात वीज गेली तरी घरात अंधार! फसवलं का आम्हाला? (एक संतापलेले आजोबा)

उत्तर : आजोबा, तुम्हाला ऑन-ग्रिड दिलंय, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं. त्यातला इन्व्हर्टर बाहेरची लाइन गेली की स्वतःहून बंद होतो, आणि तो तसा बंद व्हायलाच हवा. नाहीतर लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरची वीज धक्का देईल. फसवणूक म्हणायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण विकताना हे न सांगणं मला बरोबर वाटत नाही.

बॅटरी हवी असेल तर सगळं घर तिच्यावर टाकू नका, खर्च तिथेच फुगतो. दिवे, पंखे, फ्रिज आणि वायफाय मिळून सरासरी ३०० वॉट धरू. चार तासांना १.२ युनिट. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणून ती २.४ युनिटची घ्यावी लागते. लिथियम आयर्न फॉस्फेटची ८०-९० टक्के वापरता येते, दीड युनिटची पुरते आणि हजारो चार्जिंग सोसते. घेताना ती महाग दिसते. लेड-ॲसिड किती वर्षांनी बदलायची ते धरून दोन्हींची बेरीज करा. आणि आधी हे विचारा की आहे तो इन्व्हर्टर बॅटरी घेतो का. बहुतेक साधे ऑन-ग्रिड इन्व्हर्टर घेत नाहीत, मग हायब्रीड, म्हणजे लाइन आणि बॅटरी दोन्ही सांभाळणाऱ्या, इन्व्हर्टरचा खर्च वेगळा.

प्रश्न : पॅनेल दर वर्षी स्वस्त होतायत. अजून दोन वर्षं थांबू का?

उत्तर : स्वस्त झाली हे खरं. १९५४ साली बेल लॅब्जने सिलिकॉनची सौर सेल दाखवली तेव्हा ती पडलेल्या प्रकाशातला सुमारे ६ टक्केच विजेत बदलायची. आजची घरगुती पॅनेल २० टक्क्यांच्या पुढे आहेत. २०१० ते २०२० या दशकात पॅनेलच्या किमती सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्या. पण स्ट्रक्चर, केबल आणि मजुरी तशी उतरत नाही. पॅनेलचा वाटा एकूण खर्चाच्या ४० टक्के असेल आणि पॅनेल आणखी १० टक्क्यांनी उतरलं, तर तुमचं कोटेशन कमी होणार ४ टक्क्यांनी. तुमचे पैसे सहा वर्षांत वसूल होणार असतील तर एक वर्ष थांबणं म्हणजे खर्चाच्या सहाव्या हिश्शाएवढं बिल भरणं, साधारण १७ टक्के. चारसाठी सतरा.

थांबायला एकच कारण मला पटतं, छत गळत असेल तर. आधी वॉटरप्रूफिंग. नंतर करायला गेलात तर पॅनेल उतरवून परत चढवायची मजुरी दोनदा पडते.

जागेअभावी राहिलेली पत्रं पुढच्या अंकात घेते. सल्ला हवा असणाऱ्यांनी कोटेशनची सगळी पानं आणि वर्षभराची बिलं पाठवावीत. बिलाच्या मागच्या बाजूचाही फोटो हवा, पुढची बाजू सगळेच पाठवतात.