‘कात्रजचा घाट दाखवणे’ म्हणजे बुडवणे नव्हे

‘कात्रजचा घाट दाखवणे’ हा वाक्प्रचार कोठून आला, आणि एकाच्या तोंडी तो कौतुकाचा तर दुसऱ्याच्या तोंडी निंदेचा का होतो, असा आपला प्रश्न आहे. या वाक्प्रचारापायी आमच्या घरात अनेक वर्षे वाद चालत आला आहे, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

शाइस्तेखानाची गोष्ट सर्वांना शाळेपासून पाठ असते, त्यामुळे ती पुन्हा सांगत नाही. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री, रमजानच्या महिन्यात, लाल महालावर छापा पडला, खानाची बोटे तुटली, त्याचा मुलगा मारला गेला आणि महाराज सिंहगडाकडे निघून गेले. परंपरेने सांगतात ते असे की, त्याच वेळी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना आणि झाडांना पलिते बांधून पेटवले गेले, मोगली फौज त्या उजेडाच्या रोखाने धावली आणि तेथे पोहोचल्यावर तिला बैल आणि झाडे तेवढी सापडली.

या युक्तीचे मर्म समजायचे असेल तर नकाशा पाहावा. कात्रज पुण्याच्या दक्षिणेला आहे आणि सिंहगड नैर्ऋत्येला. तरीही दोन्ही ठिकाणे एकाच डोंगररांगेने जोडलेली आहेत. आजही डोंगर चढणारी तरुण मंडळी कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून निघून रात्रभर टेकड्या चढत-उतरत सकाळी सिंहगडावर पोहोचतात. म्हणजे पाठलाग करणाऱ्याला जो उजेड दाखवला गेला, तो अगदीच अशक्य ठिकाणी नव्हता. शिवाजी तिकडूनही जाऊ शकतो, असे त्याला सहज वाटावे, इतका तो खऱ्या वाटेच्या जवळचा होता. खोटी दिशा पटण्याजोगी असली तरच माणूस तिच्यामागे धावतो. मूळ प्रसंगात पाठलाग करणारा बलाढ्य आहे, निसटणारा मोजक्या माणसांनिशी आहे, आणि ही हूल दिली जाते ती आपली माणसे सुखरूप मुक्कामी पोहोचावीत एवढ्यासाठी. या तीन गोष्टींवाचून हा वाक्प्रचार वापरणे मला मान्य नाही. त्याचे कारण माझ्या वडिलांच्या बाबतीत घडलेला प्रसंग आहे.

माझ्या वडिलांचा पुण्यात छोटा छापखाना होता. एक ट्रेडल म्हणजे छपाईचे छोटे यंत्र, खिळ्यांच्या म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या केसेस, हाताने चालणारे कटिंग मशीन आणि दोन कामगार, एवढाच पसारा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि हस्तपत्रके यांवर घर चालत असे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, मी शाळेत असताना, त्यांनी एका खासगी सावकाराकडून वचनचिठ्ठीवर पैसे घेतले. मुदत दिवाळीपर्यंतची होती. परंतु पावसाळ्यातच त्या सावकाराला ट्रेडलसाठी चांगले गिऱ्हाईक मिळाले आणि त्याने मुदतीची वाट न पाहता यंत्र उचलून नेण्याची भाषा सुरू केली. त्याची माणसे रोज संध्याकाळी छापखान्यासमोरच्या पानाच्या टपरीवर येऊन बसत. ट्रेडल गेले असते तर दिवाळीनंतरच्या लग्नसराईचे काम गेले असते, आणि मग कर्ज फेडणे खरोखरच अशक्य झाले असते.

वडिलांनी कागदाच्या बाजारात, जेथे कोणतीही गोष्ट दुपारपर्यंत सर्वांना ठाऊक होते, सहज बोलता बोलता सांगितले की यंत्राचा सौदा साताऱ्याला ठरला आहे आणि गुरुवारी रात्री टेम्पो निघणार आहे. गुरुवारी रात्री टेम्पो आला. त्यात कटिंग मशीनखाली साठलेल्या कागदाच्या कात्रणांची पोती एकावर एक रचली. भंगारवाल्याकडून एक मोडके चाक आणले होते, ते पोत्यांमध्ये उभे करून बसवले, आणि ताडपत्री अशी ओढली की चाकाचा लोखंडी आरा बोटभर बाहेर दिसावा. दोर आवळताना वडिलांनी तो आरा झाकला जाऊ नये म्हणून दोनदा गाठ सोडून पुन्हा मारली, हे मी दारात उभा राहून पाहिले आहे. टेम्पो स्वारगेटवरून साताऱ्याच्या रस्त्याला लागला आणि सावकाराची माणसे जीपमधून त्याच्या मागे निघाली. कात्रजचा घाट चढून, बोगदा ओलांडून, खाली शिंदेवाडीजवळ त्यांनी टेम्पो अडवला आणि ताडपत्री उचकटली. तोपर्यंत खरे ट्रेडल, सुटे करून, हातगाडीच्या खेपांनी रास्ता पेठेतल्या एका स्नेह्याच्या गोदामात पोहोचले होते. त्या गोदामात रात्री काम चालवून वडिलांनी दिवाळीपूर्वी मुद्दल आणि व्याज पूर्ण फेडले आणि वचनचिठ्ठी परत घेतली. ती चिठ्ठी, मागच्या बाजूला ‘रक्कम पोहोचली’ असे लिहून सावकाराने सही केलेली, आमच्याकडे अजून आहे.

आता वादाचा मुद्दा. माझे थोरले मेहुणे हा प्रसंग प्रत्येक मंगलकार्यात, नव्या पाहुण्यांसमोर, एकाच वाक्यात सांगतात: ‘आमच्या सासऱ्यांनी सावकाराला कात्रजचा घाट दाखवला होता.’ ऐकणारे हसतात आणि मनात समजून जातात की या माणसाने सावकाराचे पैसे बुडवले. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी मला बाजूला घेऊन त्याबद्दल अदबीने विचारले तेव्हा मला फार वाईट वाटले. मेहुण्यांशी बोललो तर त्यांचे म्हणणे असे की, घाट दाखवणे म्हणजे फसवणे, वडिलांनी फसवले हे खरे, मग आक्षेप कशाला?

आक्षेप असा आहे की, फसवण्याच्या प्रत्येक प्रकारासाठी मराठीत वेगळा आणि नेमका वाक्प्रचार उपलब्ध असताना सगळ्यांचा भार कात्रजच्या घाटावर टाकला जात आहे. पैसे लुबाडले तर गंडा घातला म्हणावे किंवा टोपी घातली म्हणावे. देतो देतो म्हणून काही दिले नाही तर तोंडाला पाने पुसली म्हणावे. पकडलेला माणूस निसटला तर त्याने हातावर तुरी दिल्या. पदावरून काढले तर घरचा रस्ता दाखवला. यांपैकी एकातही पाठलाग करणाऱ्याला खोट्या दिशेला धाडण्याची कल्पना नाही. ती फक्त कात्रजच्या घाटात आहे.

तरीही प्रत्यक्ष वापरात आज याचे निदान चार अर्थ दिसतात. पहिला मूळ अर्थ, म्हणजे हूल देऊन पाठलाग भलतीकडे वळवणे. दुसरा सरसकट फसवण्याचा. तिसरा वर्तमानपत्री राजकारणातला: मित्रपक्षाला शेवटपर्यंत आशेवर ठेवून ऐनवेळी दुसऱ्याशी हातमिळवणी केली की मथळ्यात घाट येतो, आणि मतदारांनी एखाद्याला पाडले तरीही येतो. चौथा पुण्यातल्या बोलण्यातला, नवख्या माणसाला मुद्दाम लांबच्या रस्त्याने फिरवण्याचा. माझ्या मते हा पसारा ‘दाखवणे’ या क्रियापदामुळे झाला आहे. अंगठा दाखवणे, इंगा दाखवणे, घरचा रस्ता दाखवणे या सगळ्यांच्या पंगतीत घाटही जाऊन बसला आणि नकार, धडा, हकालपट्टी असे त्यांचे अर्थ त्यालाही चिकटले. मथळे लिहिणाऱ्यांनी यात सर्वांत जास्त नुकसान केले आहे. मित्राला दगा देणे हे कात्रजच्या अगदी उलट आहे, कारण तेथे फसलेला शत्रू होता आणि वाचलेले आपले होते.

मेहुण्यांचा दुसरा युक्तिवाद असा की पलित्यांची गोष्टच दंतकथा आहे, तेव्हा तिच्या आधारे अर्थ ठरवण्यात काही हशील नाही. ते सांगतात की, शिंगांना मशाली बांधलेल्या बैलांची युक्ती कार्थेजचा सेनापती हॅनिबल यानेही रोमनांविरुद्ध इ. स. पू. २१७ मध्ये वापरली होती आणि ती पोलिबियस व लिव्ही या प्राचीन इतिहासकारांनी लिहून ठेवली आहे. हॅनिबलची गोष्ट खरी आहे. छाप्याचे समकालीन पुरावे भक्कम आहेत, राजापूरच्या इंग्रजांनी त्याच महिन्यात सुरतेला लिहिलेल्या पत्रातही तो आहे. पलित्यांची कथा मात्र परंपरेने आलेली आहे, हेही मी मान्य करतो. परंतु वाक्प्रचाराला अर्थ देते ती लोकांनी सांगितलेली कथा. ती घडली की नाही हे इतिहासकारांनी ठरवावे. तिच्यात कोण कोणाला आणि कशासाठी फसवतो, हे मात्र ती ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

म्हणून आपल्याला माझा सल्ला असा की, हा वाक्प्रचार लिहिण्यापूर्वी पाठलाग कोण करत आहे हे पाहावे. पाठलाग करणारा कोणी नसेल, किंवा फसलेला माणूस विश्वासाने आलेला असेल, तर दुसरा शब्द शोधावा. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दल कोणी चारचौघांत तो वापरला, तर तेथल्या तेथे, मान राखून पण मोठ्याने, ‘कोणत्या अर्थाने म्हणता?’ असे विचारावे आणि पुढची हकीकत स्वतः पूर्ण सांगावी. मी साखरपुड्यानंतर व्याह्यांच्या घरी जाऊन वचनचिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवली, आणि मेहुण्यांनाही बरोबर नेले होते.

एक गोष्ट सांगायची राहिली. भाषा वापराने चालते, आणि दुसरा अर्थ आता इतका रूढ झाला आहे की त्याला चूक म्हणून खोडण्याचा अधिकार मला नाही. आपण स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी विचारत असाल तर उत्तरपत्रिकेत ‘फसवणे, चकवणे’ असेच लिहावे; तेथे ट्रेडलची हकीकत उपयोगाची नाही. वाक्यात उपयोग करा असे सांगितले असेल तर मात्र पाठलाग असलेले वाक्य द्यावे, उदाहरणार्थ: ‘साध्या वेशातील हेरांना भलत्याच गाडीत बसवून भूमिगत कार्यकर्त्याने त्यांना कात्रजचा घाट दाखवला.’