भारतीय फुटबॉलपटू सुनील छेत्रीच्या ऑनलाइन लोकप्रियतेमुळे खरंच कधी स्टेडियम भरलं आहे का?

हो, जून 2018 मध्ये भरलं, आणि तेही मुंबईत. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात इंटरकॉन्टिनेन्टल कप ही आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा चालू होती. 1 जूनला भारताने चायनीज तैपेईला (म्हणजे तैवानला) 5-0 ने हरवलं, छेत्रीने हॅटट्रिक केली, पण बघायला जेमतेम अडीच हजार माणसं होती. दुसऱ्याच दिवशी त्याने ट्विटरवर व्हिडिओ टाकला: आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या, अशी हात जोडून विनंती. विराट कोहलीने तो उचलून धरला, व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि 4 जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटं संपली. तो छेत्रीचा 100वा आंतरराष्ट्रीय सामना होता. धो-धो पावसातही लोक जागचे हलले नाहीत. भारत 3-0 ने जिंकला, त्यातले दोन गोल छेत्रीचे.

माझ्या मते लोक आले ते त्याच्या फॉलोअर्सच्या आकड्यामुळे नाही, तर इतका मोठा खेळाडू मनापासून विनवतोय हे त्यांना भिडलं म्हणून. फक्त एक लक्षात घ्या, अंधेरीचं मैदान लहान आहे, जेमतेम काही हजारांचं. कोलकात्याचं सॉल्ट लेकसारखं भलंमोठं स्टेडियमही एका व्हिडिओने भरलं असतं, असा अर्थ यातून काढू नका.