होस्टिंग बदललं, बाहेरचे मेल येतात, पण साइटच्या फॉर्मचे येत नाहीत. काय करावं?

बाहेरचे येतात म्हणजे एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवर जायचा ते सांगणारी नोंद) ठीक आहे, त्याला हात लावू नका. मेल गूगल वर्कस्पेसवर आणि साइट नव्या सीपॅनेलवर (होस्टिंग सांभाळायच्या कंट्रोल पॅनेलवर) असेल, तर घोळ बहुधा त्यातल्या ‘ईमेल राउटिंग’ सेटिंगमध्ये असतो. तिथे ‘लोकल’ असलं की सर्व्हर तुमच्या डोमेनचा मेल बाहेर सोडतच नाही, स्वतःकडेच मेलबॉक्स शोधत बसतो. ‘नो सच यूजर हिअर’ असा बाउन्स (मेल पोचला नाही असा परतीचा निरोप) येतो तो त्यामुळेच. ‘रिमोट मेल एक्सचेंजर’ करा.

मग एसपीएफ, म्हणजे तुमच्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगणारी नोंद. जुन्या सर्व्हरचा आयपी पत्ता काढून नव्याचा घाला, पण आहे त्याच ओळीत. दुसरी एसपीएफ ओळ जोडलीत की तपासणीच बाद (ही चूक फार होते). बदल नेमसर्व्हर (डोमेनच्या या नोंदी ठेवणारे सर्व्हर) जिथले आहेत तिथेच करायचा. टीटीएल (जुनी नोंद इतरत्र किती सेकंद साठून राहते तो आकडा) १४४०० असेल तर ४ तास धरा.