अकरावीतला लाइनबॅकर आणि ‘काळजी नको’

तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंय: मुलगा अमेरिकेत डॅलसजवळच्या शाळेत अकरावीत, अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू), वजन 205 पौंड. अल्जिब्रा 2 मध्ये डी, म्हणजे जेमतेम पास. शाळेची काउन्सेलर म्हणते, ‘बारावीत ऑनलाइन करून घेऊ, काळजी नको.’ तुमचा प्रश्न एनएफएल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगपर्यंतच्या वाटेचा आहे, पण मी त्या ‘काळजी नको’पाशीच थबकलो. आमच्या घरी हाच विषय, हेच आश्वासन होतं, आणि पहिला कॉलेज सीझन बाकावरून पाहावा लागला. शाळेचं नाव घेत नाही. (मी वकील नाही, एजंट नाही. नियम बदलतात, तेव्हा एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची नियामक संस्था, हिच्या साइटवर स्वतः खात्री करा.)

डिव्हिजन 1, म्हणजे कॉलेज खेळांची सर्वात वरची पातळी, त्यासाठी 16 कोअर कोर्सेस (इंग्रजी, गणित, विज्ञानासारखे मुख्य विषय) लागतात, एक कोर्स म्हणजे वर्षभराचा विषय, आणि कोअर जीपीए (या विषयांच्या ग्रेडची सरासरी, ए म्हणजे 4) किमान 2.3. इतकं सगळे सांगतात. न सांगितला जाणारा भाग पुढे आहे: त्या 16 पैकी 10 सातवं सेमिस्टर, म्हणजे बारावी, सुरू व्हायच्या आत संपलेले हवेत, आणि त्या 10 मधले 7 इंग्रजी, गणित, विज्ञानातले हवेत. बारावी सुरू झाली की हे ग्रेड गोठतात. नंतर तोच विषय परत केला तर शाळा रिपोर्ट कार्डावर डी खोडून बी लिहील, डिप्लोमाही देईल. एनसीएए मात्र डी धरूनच बसते.

दुसरी मेख ‘ऑनलाइन’ या शब्दात आहे. क्रेडिट रिकव्हरीत, म्हणजे राहिलेला विषय भरून काढायच्या कोर्सात, मुलगा एकटाच स्क्रीनसमोर बसून तीन आठवड्यांत वर्षभराचा विषय ‘क्लिअर’ करतो. शिक्षकाशी नियमित संपर्क नसेल तर असा कोर्स एनसीएएकडे सहसा मंजूर होत नाही. शाळेच्या ऑफिसला मुलगा पास होण्याशी मतलब, एनसीएएशी नाही. त्यांच्या कागदावरचा 3.1 जीपीए वेट ट्रेनिंग आणि हेल्थच्या ए-नी फुगलेला असतो. एनसीएए फक्त कोअर मोजते, आणि प्लस-मायनस मानत नाही: बी प्लस म्हणजे 3, ए मायनस म्हणजे 4.

तुमच्या हातात अजून उन्हाळा आहे. शाळेचा सहा आकडी सीईईबी कोड (शाळेचा ओळख क्रमांक) घालून एनसीएएच्या साइटवर मंजूर विषयांची यादी काढा आणि ट्रान्सक्रिप्टवरच्या (गुणपत्रकावरच्या) नावाशी शब्द न् शब्द ताडून बघा. बाहेरच्या संस्थेतून विषय परत करणार असाल तर तिची यादीही बघा, आणि तिथली ट्रान्सक्रिप्ट वेगळी पाठवायला सांगा. सगळं बारावीचा पहिला दिवस उजाडायच्या आत. जीपीए 2.3 च्या खाली पण 2.0 च्या वर राहिला तर ‘अकॅडमिक रेडशर्ट’: स्कॉलरशिप आणि पहिल्या टर्ममध्ये सराव मिळतो, पण पहिलं वर्ष सामना नाही. त्याच्याही खाली गेला तर दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज किंवा खालचं डिव्हिजन 3 बघावं लागतं. भारतातून नववी करून आलेल्या मुलाला इथे पुन्हा नववीत बसवलं असेल तर हे कोर्सेस संपवायचं घड्याळ पहिल्या नववीपासूनच धावतं, हेही ध्यानात असू द्या.

आता खेळाचं. 205 पौंडावरून घाबरून त्याला पराठे कोंबू नका. एनएफएलमधले इनसाइड, म्हणजे मधले, लाइनबॅकर आता साधारण 225 ते 240 असतात, कारण बहुतेक वेळ मैदानात पाच डिफेन्सिव्ह बॅक (पास अडवणारे मागचे खेळाडू) आणि दोनच लाइनबॅकर असतात. तिसरा लाइनबॅकर, ज्याच्या जागेला ‘सॅम’ म्हणतात, तो बाहेर बसतो आणि नोकरी टिकवतो ती किकऑफ आणि पंट कव्हरेजवर, म्हणजे लाथेने दूर मारलेला बॉल घेणाऱ्याला अडवण्यावर (हेच ‘स्पेशल टीम्स’). म्हणून कॉलेजच्या कोचना पाठवायच्या हायलाइट व्हिडिओत नुसते दणके नकोत: पहिल्या पाच क्लिप्समध्ये एक पास कव्हरेज आणि एक स्पेशल टीम्सची असू द्या, आणि प्रत्येकीत स्नॅपच्या (बॉल खेळात येण्याच्या) आधी त्याच्यावर बाण हवा. कोच बघतो ती पहिली दोन पावलं. समोरच्या गार्डचं (आक्रमणाच्या पहिल्या फळीतल्या खेळाडूचं) डोकं स्नॅपला वर आलं तर पास, खाली झुकून पुढे आलं तर रन (बॉल घेऊन धाव), गार्ड बाजूला धावत सुटला तर त्याच्यामागे. तुमचा मुलगा गार्डऐवजी बॉलकडे बघत असेल तर पहिलं पाऊल चुकीच्या गॅपमध्ये, म्हणजे फटीत, पडतं, आणि ते फिल्मवर स्पष्ट दिसतं. ‘रिक्रूटिंग सर्व्हिस’ला (मुलाला कॉलेजांच्या नजरेत आणून देतो म्हणणाऱ्या कंपनीला) हजारो डॉलर्स मोजणं हा माझ्या मते शुद्ध वेडेपणा आहे.

एनएफएलचा हिशेबही याच जातीचा आहे. ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी कॉलेजचे खेळाडू निवडण्याच्या, सात फेऱ्या. निवड झाली तर चार वर्षांचा करार, नाही झाली तर तीन. रकमेचा आकडा बघून हुरळू नका, बराचसा पगार गॅरंटीड नसतो. 2025 मध्ये नवख्याचा किमान वार्षिक पगार 8,40,000 डॉलर्स होता, पण तो संघाच्या 53 जणांत असाल तेवढ्याच आठवड्यांचा. प्रॅक्टिस स्क्वॉडवर (सरावासाठी ठेवलेले जादा खेळाडू) तेव्हा आठवड्याला 13,000. तीन सामन्यांसाठी यादीत असलं की पेन्शनसाठी वर्ष धरतात. फ्री एजन्सीसाठी, म्हणजे हवा तो संघ निवडायच्या हक्कासाठी, वर्ष धरायला सहा लागतात. म्हणजे पाचव्या सामन्यानंतर नारळ मिळाला तर एक वर्ष पदरात पडलं, दुसरं नाही. प्रॅक्टिस स्क्वॉडचे आठवडे दोन्हीकडे शून्य. एजंटचं कमिशन 3 टक्क्यांच्या वर नसतं. लाइनबॅकर बॉबी वॅग्नरने तर एजंटशिवाय स्वतःच करार केले.

‘उंची कमी आहे’ म्हणून नाउमेद होऊ नका: 5 फूट 9 इंचांचा लाइनबॅकर सॅम मिल्स ड्राफ्ट न होता 2022 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि डिव्हिजन 3 मधला लंडन फ्लेचर सलग 256 सामने खेळला. पण दुसरी बाजूही घरी बोला. लाइनबॅकरच असलेल्या ल्यूक कीकलीने 28 व्या वर्षी खेळ सोडला, क्रिस बोरलंडने एकाच सीझननंतर, 24 व्या वर्षी; बोरलंडने तर डोक्याच्या दुखापतींचा धोका हेच कारण उघडपणे दिलं. डोक्याला मार लागला आणि मुलगा ‘ठीक आहे’ म्हणाला तर विश्वास ठेवू नका.

अजून एक. तुम्ही एच-1बी व्हिसावर आणि मुलगा एच-4 या अवलंबितांच्या व्हिसावर असेल तर त्याला काम करता येत नाही. एनआयएलचा (खेळाडूचं नाव आणि प्रतिमा वापरू देण्याच्या कमाईचा) एक डॉलर घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, कोचला नाही. आणि 21 व्या वर्षी एच-4 संपतो, तेव्हा तो बहुधा अजून कॉलेजात असेल.

त्याने अल्जिब्रा 1 आठवीत केला का, हे पोस्टमध्ये नाही. केला असेल आणि हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर ग्रेड व क्रेडिट दोन्ही दिसत असतील, तर तोही कोअरमध्ये धरता येतो. ते बघून इथेच सांगा, म्हणजे 10 आणि 7 ची मोजणी नीट करता येईल.