'कॅश्यू' आपल्या काजूवरून आला का?

प्रश्न : इंग्रजीतला 'कॅश्यू' हा शब्द आपल्या 'काजू'वरून गेला, असे आमच्याकडे सांगतात. खरे आहे का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : नाही. दोन्ही शब्द पोर्तुगीज 'काजू'ची लेकरे. पोर्तुगिजांनी तो ब्राझीलच्या तुपी भाषेतल्या 'अकाजू'वरून घेतला आणि झाड 16व्या शतकात भारतात आणले. शब्दाचा माग काढताना आधी वस्तूचे मूळ गाव पाहावे, मग उच्चार. नुसत्या नादसाम्यावर गेले की दिशा उलटी लागते. पोर्तुगीज 'ज' आपल्या 'ज'सारखा नाही. तो 'श'कडे झुकतो, फक्त घोष आहे, म्हणजे उच्चारताना गळ्यात कंप होतो. इंग्रजीत त्याचा 'श' झाला, मराठी-कोकणीत 'ज' राहिला. फ्रेंचांनी आरंभीचा 'अ'सुद्धा ठेवला, पण त्यांच्या 'अकाजू'चा आजचा अर्थ महोगनीचे लाकूड!

शास्त्रीय नाव मात्र वेगळ्या वाटेने आले. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये 'अ‍ॅनाकार्डियम ऑक्सिडेंटाले' म्हटले. दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'पश्चिमेकडचे'. पहिला जुन्या औषधी ग्रंथांत आपल्या बिब्ब्यासाठी वापरात होता. नाते खरेच आहे: दोन्ही एकाच कुळातले, आणि दोन्हींच्या टरफलातल्या तेलाने कातडीला फोड येतात.