उबंटूत ५०० एमबीचं बूट पार्टिशन भरलं, अपडेट अर्ध्यात अडकतं. काय करावं?

जागा खातात ते जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा), त्यातही प्रत्येकाची 'इनिटआरडी' फाइल, म्हणजे बूट होताना सुरुवातीला लागणारी फाइल. आधी 'यूनेम -आर' चालवून सध्या कुठला कर्नल चालू आहे ते कागदावर लिहून ठेवा. त्याला हात लावायचा नाही.

मग 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज' चालवा; ॲप्ट, म्हणजे उबंटूचा पॅकेज मॅनेजर, यातून नको असलेले जुने कर्नल काढतो. बहुतेकांचं काम इथेच होतं.

तुमचं अपडेट अर्ध्यात अडकलंय, त्यामुळे ॲप्टही अडून बसेल. नवी इनिटआरडी लिहायलाच जागा नसते ना! अशा वेळी बूट फोल्डरमधली सगळ्यात जुन्या कर्नलची इनिटआरडी, फक्त तेवढी एकच, 'सुडो आरएम'ने हातानं काढा. आवृत्तीचा आकडा दोनदा वाचा. नावात 'स्टार' (*) लावून सरसकट उडवू नका, चालू कर्नलची फाइल गेली तर पुढच्या वेळी मशीन उठणार नाही. मग 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' आणि पुन्हा ऑटोरिमूव्ह. चालू कर्नलशिवाय एक जुना राहू द्या, नवा बिघडला तर ग्रबमधून (मशीन सुरू होतानाच्या मेन्यूतून) त्यावर जाता येतं.

तरीही जागा अपुरी पडली तर 'इनिटरामएफएस.कॉन्फ'मध्ये 'मॉड्यूल्स=मोस्ट'चं 'डेप' करा, म्हणजे फक्त याच मशीनला लागणारे ड्रायव्हर त्यात जातील, आणि 'सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू' चालवा. इनिटआरडी फाइल बरीच लहान होते. मात्र ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर बूट होईलच असं नाही.